एक गुडघा टेकवून

वसईतल्या निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरात लग्न ठरलं की बँड सांगायचा हे ओघानं आलंच. वरातीत लोकांची नजर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवर असते. पण तालाची बाजू नीट पाहावी. एकाच्या गळ्यात साइड ड्रम, हातात दोन काड्या. दुसऱ्याच्या पोटावर भला मोठा बेस ड्रम. तिसऱ्याकडे पितळी झांजा. तीन वाद्यं, तीन माणसं, आणि तिघांचा मिळून एक ठेका. जॅझमधला ड्रमसेट नेमका कशाचा बनला, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. तो या तिघांचाच बनला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्स शहरातले असे बँड रस्त्यावरून नाचघरात शिरले. आत जागा कमी, आणि तालासाठी तीन-तीन माणसं ठेवणं परवडेना. मग कुणी बेस ड्रम जमिनीवर ठेवला, साइड ड्रम खुर्चीवर कलता केला, आणि एकच माणूस एकाच जोडी काड्यांनी दोन्ही वाजवू लागला. १९०९ साली विल्यम लुडविगनं पायानं चालवायचं चांगलं पेडल बाजारात आणलं आणि बेस ड्रमचं काम उजव्या पायाकडे गेलं. १९२०च्या दशकात पायानं मिटणाऱ्या झांजांची जोडी आली, म्हणजे हाय-हॅट. डाव्या पायालाही काम मिळालं. माणूस स्टुलावर बसला, दोन हात दोन पाय, आणि प्रत्येकाची नोकरी ठरलेली. पुढं शंभर वर्षं जगभरचे ड्रमर याच बैठकीत वाजवत आले.

मुंबईत वाढलेल्या एका तबलावादकानं ही बैठक मोडली. त्रिलोक गुर्टूंनी स्टूल काढून टाकलं आणि एक गुडघा जमिनीला टेकवून ते सेटसमोर बसले. पुढ्यात साइड ड्रम आणि टॉम, बाजूला तबला-डग्गा, वर झांजा, भोवती गायीच्या गळ्यातल्या घंटा, गाँग, शिंपल्यांच्या माळा, आणि एक पाण्यानं भरलेली बादली. ड्रमसेटची सगळी रचना पायाभोवती झालेली आहे. या अर्ध्या गुडघ्यावरच्या बैठकीत तिचा तोल हातांकडे झुकतो. एकदा हात आले की बोटं आली, आणि बोटं आली की तबला आलाच.

मराठी माणसाला गुर्टू हे आडनाव वेगळ्या कारणानं ठाऊक आहे. ठुमरी, दादरा, कजरी गाणाऱ्या शोभा गुर्टू या त्रिलोक यांच्या आई. माहेरच्या त्या भानुमती शिरोडकर, बेळगावच्या, जन्म १९२५चा. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर नृत्यांगना होत्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या गायिका. शोभाताईंना सुरुवातीची तालीम अल्लादिया खाँचे पुत्र भुर्जी खाँ यांची, आणि ठुमरीची दिशा घम्मन खाँ यांनी दाखवलेली. 'पाकीजा'मध्ये त्यांचा आवाज आहे, १९७८च्या 'मैं तुलसी तेरे आंगन की'मध्ये आहे, मराठी भावगीतांत आणि गझलांत आहे. २००२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं आणि २००४च्या सप्टेंबरात मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या ध्वनिफिती ज्या घरांत जपलेल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक घरांना मुलाच्या ध्वनिमुद्रिकांचा पत्ता नाही. हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. कारण त्या मुलाच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांत आई गाते आहे.

त्रिलोक यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१चा. लहानपणीच तबल्याची तालीम सुरू झाली, शाह अब्दुल करीम यांच्याकडे. घरात आईचा रियाज, साथीला येणारे तबलजी, सारंगीवाले. आणि बाहेर १९६०च्या दशकातली मुंबई. या शहराला तोवर जॅझची तीस वर्षांची ओळख होती. लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकाचा बँड १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजला, आणि त्यानंतर हॉटेलांतली ही जागा हळूहळू गोव्याच्या वादकांनी घेतली. अल्डोण्याचे अंतोनियो वाझ, ज्यांना शहर चिक चॉकलेट म्हणून ओळखायचं, ते संध्याकाळी हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचे आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या गाण्यांत. १९५१च्या 'अलबेला'तला तो उसळता रंग त्याच वर्तुळातून आला. कावस लॉर्ड या पारशी वादकानं बाँगो, काँगा, माराकास अशी लॅटिन अमेरिकी तालवाद्यं हिंदी गाण्यात रुळवली. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी 'रागा जॅझ स्टाइल' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात रईस खाँची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम आहेत. म्हणजे तबला आणि ड्रम एका खोलीत वाजणं मुंबईला नवीन नव्हतं. फक्त तिथं तबलजी वेगळा असे आणि ड्रमर वेगळा.

त्रिलोक यांनी मुलाखतींतून सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाश्चात्त्य संगीत ते ऐकू लागले ते रेकॉर्डवर: जिमी हेंड्रिक्स, जेम्स ब्राऊन, सुप्रीम्स. त्या रेकॉर्डवर ड्रम असत, त्यावर काँगा, त्यावर टाळ्या, डफली, घंटा. हे थर निरनिराळ्या वेळी मुद्रित करून एकावर एक चढवता येतात, हे त्यांना माहीत नव्हतं. ते समजले की सगळं एकच माणूस एका वेळी वाजवतो आहे. आणि त्यांनी तसं वाजवायचा प्रयत्न सुरू केला.

हे भाबडेपण वाटेल, पण त्या काळची मुंबई ध्यानात घेतली तर तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. परदेशात तेव्हा चार-चार, आठ-आठ मार्गांच्या फिती आल्या होत्या. एका मार्गावर ड्रम, दुसऱ्यावर गिटार, मग सावकाश तिसऱ्यावर गळा. आपल्याकडे चित्रपटाचं गाणं म्हणजे गायिका, वादक, संचालक सगळे एका दालनात, आणि एका दमात पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणी चुकलं की सगळे पुन्हा. अशा शहरातल्या मुलानं रेकॉर्ड ऐकून 'हे एका दमात वाजलंय' असंच समजावं. यंत्रानं जमवलेला परिणाम त्यानं हातांनी जमवायला घेतला, आणि त्यातून जी वादनपद्धत घडली ती पुढं यंत्रालाही जमली नाही.

आता थोडं हिशेबाचं. तबल्याचा माणूस जॅझमध्ये गेला तर त्याला काय ओळखीचं सापडतं? वरवर काहीच नाही. जॅझचा ड्रमर मोठ्या झांजेवर एक हलता, झुलता ठोका धरतो आणि बाकीच्या हातापायांनी गाणाऱ्या वाद्याशी बोलतो. ठेक्यासारखे ठरलेले बोल तिथं नाहीत, टाळी-खाली नाही. पण आवर्तन आहे. ब्लूजचं एक आवर्तन बारा मापांचं, प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस. सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं. जॅझवाले जी जुनी गाणी विस्तारासाठी घेतात त्यांतली पुष्कळशी बत्तीस मापांची, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रा. तीनतालाची बरोबर आठ. ड्रमरनं मध्ये कितीही भटकावं, आवर्तनाच्या माथ्यावर त्याला सर्वांसोबत पोचायचं असतं. आपण त्या जागेला सम म्हणतो.

आणि समेवर यायची आपली एक जुनी युक्ती म्हणजे तिहाई. पाच मात्रांचा एक तुकडा घ्या. पहिल्या मात्रेपासून वाजवा, एक मात्रा सोडा, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा एक मात्रा सोडा, पुन्हा तोच. पाच, एक, पाच, एक, पाच: सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या तीनतालाची सम. ऐकणाऱ्याला मधे ठेका निसटल्यासारखा वाटतो, कारण पाचाचा तुकडा चाराच्या घरात मावत नाही. आणि शेवटचा ठोका पडतो तेव्हा सगळं जागच्या जागी बसतं. त्रिलोक हे ड्रमसेटवर करतात. तुकड्याचा पहिला बोल साइड ड्रमवर, दुसरा घंटेवर, तिसरा डग्ग्यावर, चौथा झांजेवर. तुकडा तबल्याचा, आवाज मात्र साऱ्या जगातले. त्यांच्या वादनाची चावी इथं आहे, असं मला वाटतं. ते दोन संगीतं एकत्र करत नाहीत. ते एकाच भाषेत विचार करतात, बोलांच्या भाषेत, आणि ती भाषा बोलायला समोर येईल ते वाद्य वापरतात. म्हणूनच ते इतक्या निरनिराळ्या लोकांसोबत वाजवू शकले आणि कुणाहीबरोबर पाहुणे वाटले नाहीत.

आवाजांचंही एक शास्त्र आहे. साध्या ड्रमच्या चामड्यावर काठी मारली की जे अनेक कंप उठतात ते एकमेकांशी सुरात नसतात. म्हणून ड्रमचा सूर धूसर असतो, ठोका असतो पण स्वर पकडता येत नाही. तबल्याच्या शाईमुळे चामड्याच्या मधल्या भागाचं वजन वाढतं आणि ते कंप सुरात येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर टिपण लिहिलं होतं. त्रिलोक यांच्या ध्वनिमुद्रिकांत धूसर आणि सुरेल असे दोन्ही आवाज एकाच हातातून, एकाच वाक्यात येतात. कानाला सवय नसेल तर दोन वादक आहेत असं वाटतं.

आणि ती बादली. वाजवलेली गाँग किंवा झांज ते पाण्यात उतरवतात आणि सूर सर्रकन खाली घसरतो. कंपणाऱ्या धातूला भोवतालचं पाणीही हलवावं लागतं, त्यामुळे कंप मंदावतो. जलतरंगात वाडग्यात पाणी वाढवलं की सूर उतरतो, तेच हे कारण. फरक इतकाच की जलतरंगात सूर आधी लावून ठेवतात, आणि इथं सूर उतरताना ऐकू येतो. हे सगळे नाजूक आवाज आहेत. शिंपल्यांची माळ, बोटांनी घासलेला डग्गा, पाण्यातली झांज ही मोठ्या बँडच्या गलक्यात ऐकूच येणार नाहीत. ती ऐकू येतात जवळ धरलेल्या मायक्रोफोनमुळे. म्हणून त्रिलोक गुर्टूंना रेकॉर्डवर ऐकणं ही दुय्यम गोष्ट नाही.

१९७०च्या दशकात ते युरोपात गेले आणि पुढं जर्मनीत, हॅम्बर्गमध्ये राहिले. सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो, ट्रम्पेटवादक डॉन चेरी अशांसोबत वाजवत त्यांचं नाव झालं. मग १९८४च्या नोव्हेंबरात एक दुःखद घटना घडली. 'ऑरेगॉन' या अमेरिकी चौकडीतला तालवादक कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत मोटार अपघातात गेला. वॉलकॉट रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखाँकडे तबला शिकलेला. अमेरिकेतून तबल्याकडे आलेल्या माणसाची जागा रिकामी झाली, आणि तिथं काही काळानं तबल्याकडून ड्रमसेटकडे गेलेला मुंबईचा माणूस आला. १९८७ची 'इकोटोपिया' ही या नव्या चौकडीची ध्वनिमुद्रिका. पुढं १९८९ आणि १९९१ला आणखी दोन. राल्फ टाउनरची गिटार आणि पॉल मॅककँडलेसचा ओबो ही दोन्ही हळू बोलणारी वाद्यं आहेत. त्यांच्याजवळ त्रिलोक क्वचितच आवाज चढवतात. ज्यांना ड्रम म्हणजे दणदणाट वाटतो त्यांनी इथून सुरुवात करावी.

वॉलकॉट, डॉन चेरी आणि ब्राझीलचा नाना व्हास्कोन्सेलोस यांनी मिळून 'कोडोना' नावाचं त्रिकूट केलं होतं. तिघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ते नाव बनलं. त्या तिघांशीही त्रिलोक यांचा धागा जुळला. एकाची जागा त्यांनी घेतली, चेरी त्यांच्या 'उसफ्रेत'मध्ये वाजला, आणि व्हास्कोन्सेलोस 'लिव्हिंग मॅजिक'मध्ये.

'उसफ्रेत' १९८८ची, त्रिलोक यांची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका. चेरी आणि टाउनर, एल. शंकर यांचं व्हायोलिन, डॅनियल गोयोनचा पियानो, योनास हेलबोर्गचा बेस. आणि शोभा गुर्टू. त्यात 'शोभारॉक' नावाची एक रचना आहे; आईचं नाव मुलानं गाण्याच्या शीर्षकातच घालून टाकलं. हे ऐकताना मी नेहमी आईच्या बाजूनं ऐकतो. ठुमरीची गायिका म्हणजे एकाच ओळीचे बोल पुन्हापुन्हा निराळ्या भावात वळवणारी, आणि तबलजीनं तिला अडवायचं नाही, सोडायचंही नाही. शोभाताई इथं जरादेखील 'आधुनिक' व्हायला जात नाहीत. आवाज तोच, रुंद, किंचित खरखरीत, पूर्वांगातल्या स्वरांवर रेंगाळणारा. बदललं आहे ते भोवतालचं सगळं. आणि तरी तिला आधार देणारा हात साथीदाराचाच आहे. किती वाजवायचं नाही हे त्या हाताला नक्की कळतं. मुलगा लहानपणापासून तिची साथ ऐकत आला आहे, ती साथ ड्रमसेटवर गेली आहे.

१९९१ची 'लिव्हिंग मॅजिक' मला त्याहूनही जवळची वाटते. नॉर्वेचे यान गार्बारेक यांचा सॅक्सोफोन लांब, उघड्या स्वरात बोलतो, व्हास्कोन्सेलोस आणि त्रिलोक दोघं तालवादक एकमेकांना वाट करून देतात. दोन तालवादक असूनही गर्दी नाही, हे फार कठीण काम आहे. १९९३च्या 'क्रेझी सेंट्स'मध्ये जो झाविनुल, पॅट मेथेनी अशी मोठी नावं आली आणि आईही पुन्हा आली. पुढच्या काळात 'आफ्रिकन फँटसी'सारख्या ध्वनिमुद्रिकांत पाहुणे वाढत गेले. त्यांतली काही गाणी सुंदर आहेत, पण तिथं त्रिलोक मला यजमान म्हणून जास्त दिसतात आणि वादक म्हणून कमी. ज्यांना त्यांचे हात ऐकायचे आहेत त्यांनी मागं यावं, १९८९कडे.

२७ नोव्हेंबर १९८९, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, बेसवर काई एकहार्ट, आणि त्रिलोक. मॅकलॉफ्लिन यांनी १९७०च्या दशकात झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विनायकराम यांच्यासह 'शक्ती' उभी केली होती. आपली लयकारी त्यांना परकी नव्हती. पण 'शक्ती'त ड्रमसेट नव्हता, आणि त्यांच्या आधीच्या विजेच्या गिटारच्या बँडमध्ये तबला नव्हता. इथं एका माणसात दोन्ही होतं. त्या रात्रीचं मुद्रण ध्वनिमुद्रिका म्हणून निघालं. त्यातली 'मदर टंग्ज' ही लांबलचक रचना एखाद्या शांत रात्री सलग ऐकावी. सुरुवातीला तिघांचा जोरकस एकत्र धावा. मग बाकीचे थांबतात आणि त्रिलोक एकटे उरतात. ड्रम, तबला, तोंडानं म्हटलेले बोल, घंटा, पाणी. इथं एकही थर नंतर चढवलेला नाही. समोर श्रोते बसलेले आहेत. मुंबईतल्या मुलानं जे 'एकच माणूस एका वेळी वाजवतोय' असं समजून शिकायला घेतलं होतं, ते इथं खरोखरच एक माणूस एका वेळी वाजवतो आहे.

पहिल्यांदा ऐकताना एक करावं: टाळी देत बसू नये. मोजायला गेलं की आपण मात्रांत अडकतो आणि वाक्य निसटतं. आधी फक्त डग्ग्याचा गुंजणारा आवाज कुठं येतो तेवढं ऐकावं. दुसऱ्या वेळी घंटा. तिसऱ्या वेळी बोल, आणि तो बोल पुढं कुठल्या वाद्यावर उतरला हे पाहावं. तबला शिकणाऱ्या मुलांना तर ही रचना ऐकवायलाच हवी. आपण पाठ केलेला कायदा दुसऱ्या देशात, दुसऱ्या वाद्यावर, दुसऱ्या गाण्यात कसा कामाला येतो हे त्यांना कुणी सांगत नाही. आणि वसईच्या बँडांत काड्या चालवणाऱ्या तरुणांनाही ऐकवावी, कारण त्यांच्या गळ्यातला साइड ड्रम त्यात जागोजाग आहे.

त्यानंतर २०१३च्या 'स्पेलबाउंड'कडे जावं. ही ट्रम्पेटवाल्यांना वाहिलेली ध्वनिमुद्रिका आहे. पाओलो फ्रेझू, इब्राहिम मालूफ, निल्स पेटर मोल्व्हेर असे निरनिराळ्या देशांतले ट्रम्पेटवादक तिच्यात आहेत. तिच्यात डिझी गिलेस्पीची 'मँतेका' आहे. १९४७ साली गिलेस्पीनं ही रचना मुद्रित केली तेव्हा क्यूबाचा चानो पोझो काँगा वाजवत होता, आणि जॅझच्या ड्रमसेटशेजारी हातानं वाजवायचं चामडं येऊन बसण्याची ती मोठी घटना होती. सहासष्ट वर्षांनी तीच रचना अशा माणसाच्या हाती आली ज्याच्यापाशी काडीचं आणि हाताचं असे दोन वेगळे विभाग कधी नव्हतेच.

आणि २००२ची 'रिमेंबरन्स'. त्रिलोक यांनी ती घराच्या दिशेनं केली आहे: झाकीर हुसेन, शंकर महादेवन, रोणू मजुमदार यांची बासरी. शोभाताई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या; दोनच वर्षांनी त्या गेल्या. आवाज आता जड झाला आहे, पण बोल टाकण्याची ती पद्धत, शब्द समेच्या जरा मागं ठेवून मग अलगद पोचवण्याची, ती तशीच आहे. आईनं शब्द मागं ठेवला की मुलाचा ठेका वाट पाहतो, आणि ती पोचली की मगच डग्गा वाजतो.